मुलांची शाळा आणि पालकांचे संमतीपत्र

(गडब, तालुका पेण, येथे पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गडब येथे पालकांच्या एका लहानशा सभेपुढे बोलण्याचा प्रसंग मला आला. सभा बोलावली होती शाळेच्या छपराविषयी व पाण्याच्या टाकीविषयी. परंतु बोलता बोलता विषय गेला तो करोनाच्या साथीतील बंद शाळांवर, आणि छप्पर व टाकी दोन्ही मागे पडली. त्या दिवशी मी जे बोललो ते थोडेसे नीट लावून आपणापुढे ठेवीत आहे. ऐकणारे तीस-चाळीस होते. आपण त्यांत नव्हता म्हणून ही गोष्ट आपल्या घरची नव्हे, असे मात्र आपण समजू नये.

साथ ओसरून वर्षे लोटली, आता ती राख कशास उकरता, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर प्रथमच देऊन टाकतो. २०२० च्या जूनमध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, त्याची शाळा त्या वेळी बंद होती. मार्चच्या मध्यापासून ती बंद झाली होती. ग्रामीण महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे ते मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. पहिली इयत्ता त्याच्या आयुष्यात झालीच नाही. शाळेच्या दप्तरात मात्र ती झालेली आहे. तेच मूल आज उच्च प्राथमिक वर्गात बसून भूगोलाचा धडा वाचते, आणि अशा पुष्कळांना तो अडखळत वाचावा लागतो. गुरुजी म्हणतात, मूल कच्चे आहे. आई म्हणते, माझेच चुकले, मी त्या वेळी पाठवले नाही. ह्या ‘माझेच चुकले’ विषयी मला बोलावयाचे आहे.

डिसेंबर २०२१ चा पहिला आठवडा होता. मी पेणच्या न्यायालयात वकिली करतो. सकाळच्या गर्दीत एक आजीबाई हातात कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. नातू तिसरीत, त्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले. शाळेने कागद पाठवला होता, त्यावर पालकाची सही किंवा अंगठा हवा होता. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा.” मी वाचून दाखवले : पाल्यास शाळेत पाठविण्यास माझी संमती आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मंजी बाबा, मी अंगठा दिला नि पोराला काय झालं, तर उद्या म्हणतील ना, का आजीनंच धाडला?”

प्रश्न कायद्याचा होता. त्या दिवशी न्यायालयात मजपुढे आलेल्या सर्व प्रश्नांत तोच अधिक खरा होता. आणि मी काय उत्तर दिले? माझ्या प्रकरणाचा पुकारा होत होता. मी म्हणालो, “आजी, काही होत नाही, सगळेच देतात. द्या अंगठा.” त्यांनी कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि त्या अंगठा न देताच निघून गेल्या. पुढे कळले की तो मुलगा त्या वर्षी शाळेत गेलाच नाही; काही दिवस आजीपाशी राहिला, मग आईबापांकडे भट्टीवर गेला. जे मूल शाळेत जात नाही ते घरी पाटावर बसून राहते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. पेण तालुक्यातील कातकरी आणि आपल्या भूमिहीन कुटुंबांत तसे घडत नाही. ते मूल भट्टीवर विटा उलटते किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेते.

माझ्या स्वतःच्या मुलीचे संमतीपत्र मी त्याच आठवड्यात ‘संमती नाही’ असे लिहून परत पाठवले होते, हेही येथे सांगितले पाहिजे. घरी सत्तरी ओलांडलेली आई होती. मुलीपाशी फोन होता, बसावयास टेबल होते, आणि चुकले तर समजावून देणारी पदवीधर आई होती. मी ‘नाही’ म्हटले, आजीबाईंनीही ‘नाही’ म्हटले. कारणही एकच, भीती. परंतु माझ्या ‘नाही’ची किंमत माझ्या मुलीला फारशी द्यावी लागली नाही. आजीबाईंच्या ‘नाही’ची किंमत त्यांच्या नातवाने एका वर्षाने चुकती केली.

आता प्रथम ह्या भीतीचाच विचार करू. गरीब पालकाच्या भीतीला अडाणीपणा म्हणण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. वास्तविक पाहता त्या दिवसांत भिण्यास पुरेसे कारण होते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूवाचून माणसे तडफडत असल्याची दृश्ये प्रत्येकाने पाहिली होती. पुढील लाट मुलांवर येणार, असे सर्वत्र बोलले जात होते, आणि राज्य शासनाने त्यासाठी बालरोगतज्ज्ञांचे कृतिदलही नेमले होते. लस मोठ्यांना मिळाली. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ती ३ जानेवारी २०२२ पासून आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून मिळू लागली. तिसरीतल्या मुलासाठी लस नव्हती. ज्या घरात एकच खोली आहे, आणि त्या खोलीत दम्याची आजी झोपते, त्या घरातील आईने मूल शाळेतून काय घेऊन येईल ह्याचा विचार करू नये काय?

शिवाय ज्या आदेशांवर तिने विश्वास ठेवावयाचा, त्या आदेशांची कथा ऐका. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून अनेक जिल्ह्यांत उघडले. मुंबईत उघडले नाहीत. पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ ला उघडले, आणि महिना-दीड महिन्यात दुसऱ्या लाटेने सर्वच पुन्हा बंद झाले. १५ जुलैपासून करोनामुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू करण्यास मुभा मिळाली. त्यासाठी गावात महिनाभर एकही रुग्ण नसावा, आणि सरपंचाच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवावे, असे सांगितले गेले. १० ऑगस्टला शाळा १७ ऑगस्टपासून उघडण्याचा निर्णय निघाला. कृतिदलाने हरकत घेतली आणि दोन-तीन दिवसांतच तो स्थगित झाला. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी उघडली, १ डिसेंबरला धाकटे वर्ग. ८ जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा बंद. २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू. मंत्रालयातील विद्वानांना ज्या गोष्टीचा पंधरा दिवस टिकणारा निश्चय करता येईना, तीविषयी गडबच्या आईने एका कागदावर कायमचा निश्चय लिहून द्यावा, अशी अपेक्षा होती!

मला येथे शासनाची टवाळी करावयाची नाही. रोग नवा होता, आणि आदेश बदलणे हा स्वतः गुन्हा नव्हे. परंतु जो स्वतः डळमळत आहे त्याने दुसऱ्याच्या डळमळण्यास अज्ञान म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या लेखांत आढळत नाही. धाकटे वर्ग उघडले त्या महिन्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या ह्या पट्ट्यातील मोठी मुले पेणला हायस्कुलात जाणार कशी? सहा आसनी रिक्षात दहा जण बसून. वर्गात दोन बाकांमध्ये सहा फुटांचे अंतर आणि रिक्षात मांडीवर मांडी! पालकाला हे दिसत होते. संमतीपत्रात त्याला जागा नव्हती.

ह्या भीतीला उत्तर नव्हते असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२१ च्या जून-जुलैत देशभर रक्ततपासणी केली आणि २० जुलैला तिचे निष्कर्ष सांगितले. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्यांपैकी ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात ह्या रोगाची प्रतिद्रव्ये सापडली. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शाळा बंद असताना, घरात आणि आळीत असताना, निम्म्याहून अधिक मुलांस संसर्ग होऊन गेलेला होता, आणि बहुतेकांच्या आईबापांना तो समजलाही नव्हता. कुलूप शाळेला लागले होते, रोगाला नाही. त्याच वेळी परिषदेच्या प्रमुखांनी, शाळा उघडावयाच्या तर प्रथम प्राथमिक उघडाव्यात, असेही सुचवले होते. डेन्मार्कने तर १५ एप्रिल २०२० लाच शाळा उघडल्या त्या लहानांच्या प्रथम, कारण लहान मुलाला एकट्याने शिकता येत नाही आणि त्याचे शिकणे तुटले की मुळापासून तुटते. आपण नेमके उलट केले. मोठे आधी, कारण त्यांच्या परीक्षा होत्या. लहान सर्वांत शेवटी, कारण त्यांची परीक्षा नव्हती.

आता विचारतो : ही माहिती गडबच्या, कासूच्या, वडखळच्या आईला कोणी सांगितली? शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांच्याशी बोलणे हे शिक्षकाचे कर्तव्य केले आहे. शिक्षकांना मात्र त्या काळात घरोघर तापमान मोजण्याच्या कामास जुंपले होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ह्या नावाची मोहीम २०२० च्या सप्टेंबरात निघाली. मोहीम उपयोगी असेल. पण नावाकडे पाहा. कुटुंब माझे, जबाबदारीही माझीच. संमतीपत्र त्याच मुशीतून निघाले होते.

ह्या पत्राचा उगम असा. केंद्रीय गृह मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी आदेश काढून १५ ऑक्टोबरनंतर शाळा उघडण्याचा निर्णय राज्यांवर सोपवला. त्यात म्हटले होते की विद्यार्थी पालकांच्या लेखी संमतीनेच शाळेत येतील आणि हजेरीची सक्ती केली जाणार नाही. राज्याने तीच अट पुढे चालवली. ह्या अटीचा एक अर्धा भाग न्याय्य होता, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. घाबरलेल्या पालकावर जबरदस्ती करणे, न आल्याबद्दल मुलाचे नाव कमी करणे, हे अन्यायाचेच झाले असते. परंतु त्याच आदेशात असेही म्हटले होते की ऑनलाइन शिक्षण चालूच राहील आणि त्यालाच प्राधान्य राहील. येथे अट लंगडी पडते. ज्याच्यापाशी दुसरा मार्ग आहे त्याच्या संमतीला संमती म्हणता येते. ज्याच्यापाशी फोन नाही त्याला ‘शाळेत पाठव किंवा फोनवर शिकव’ असे विचारणे ही निवड नव्हे. रायगड जिल्ह्यावर तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले होते. शाळांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. ज्या वस्तीत दिवा नव्हता तेथे फोन चार्ज कशाने करावयाचा?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. खेड्यांतील केवळ ८ टक्के मुले नियमितपणे ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के मुलांचे शिकणे पूर्ण थांबले होते. दलित व आदिवासी मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी होती अवघी ४ टक्के. पाहणी वंचित वस्त्यांची होती, सर्व देशाची नव्हे. हे लक्षात ठेवूनही तो आकडा वाचून मान खाली जाते. आणि जे आपल्या पालकांना बेफिकीर म्हणतात त्यांनी हेही ऐकावे : त्याच पाहणीत खेड्यांतील बहुसंख्य आईबापांनी शाळा लवकरात लवकर उघडा असेच सांगितले होते. भीती होती आणि ओढही होती. एकाच मनात दोन्ही असू शकतात, हे कागदावरील ‘आहे’ आणि ‘नाही’ ह्या दोन चौकटींना कळत नाही.

आता आजीबाईंच्या प्रश्नाचे जे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही, ते देतो.

पालकाच्या सहीने शासनाची जबाबदारी संपते काय? संपत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-अ हे कलम घटनेत आले आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. हा हक्क मुलाचा आहे, बापाचा नाही. जी वस्तू माझी नाही ती मी सहीने सोडून देऊ शकत नाही. स्वतःचा मूलभूत हक्कदेखील मनुष्याला लिहून देऊन सोडता येत नाही. बशेशरनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या हक्काविषयी ही गोष्ट पूर्वीच सांगितली होती. आणि १९८५ साली मुंबईच्या पदपथावरील झोपडीवासीयांच्या, ओल्गा टेलिस ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात तर ती अगदी स्पष्ट झाली. पदपथावर राहण्याचा हक्क आम्ही सांगत नाही, असे त्या लोकांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते. पालिका म्हणाली, आता ह्यांना बोलण्याचा अधिकार नाही. पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते म्हणणे फेटाळले : घटनेविरुद्ध अशी कबुली चालत नाही. झोपड्या त्यामुळे वाचल्या असे झाले नाही, हेही खरे. परंतु लिहून दिलेल्या कागदाने गरिबाचे तोंड बंद करता येत नाही हे तत्त्व तेथे कायम झाले. तेव्हा आजीबाईंचा अंगठा म्हणजे ‘मुलास काय झाले तर कोणी जबाबदार नाही’ अशी पावती नव्हती. हे मी त्यांना तीन वाक्यांत सांगू शकलो असतो.

‘सक्तीचे शिक्षण’ ह्या शब्दांविषयीही असाच घोटाळा आहे. सक्ती म्हणजे आईबापावर, असे आपण धरून चालतो. २००९ च्या कायद्यात पालकावर मुलाचे नाव घालण्याचे कर्तव्य १० व्या कलमाने आहेच. पण ८ व्या कलमातील व्याख्या वाचून पाहा. प्रवेश, हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता ह्या तिन्ही गोष्टी घडतील अशी तजवीज करण्याचे बंधन सरकारवर आहे. हजेरीची काळजी सरकारने करावयाची! साथीत सक्ती स्थगित ठेवणे समजू शकते. परंतु हजेरीचा सारा भार आजीच्या अंगठ्यावर टाकून सरकारने मोकळे होणे त्या व्याख्येत बसत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात शाळा उघडण्याविषयी एका विद्यार्थ्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. राज्यकारभार आम्ही हाती घेऊ शकत नाही, असे म्हणून न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. साथीत शाळा कोणत्या तारखेला उघडावी हे न्यायाधीशाने ठरवू नये. पण उघडलेल्या शाळेत पाणी असावे की नाही, हे ठरवण्यास कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. ते कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकास एक वर्गखोली, मुलामुलींना वेगवेगळी शौचालये, पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी. हे पुरे करण्यास तीन वर्षे दिली होती, आणि ती मुदत २०१३ च्या मार्चअखेर संपली. म्हणजे साथ आली तेव्हा ही सर्व व्यवस्था सात वर्षे जुनी असावयास हवी होती. हात धुवा असे फलक लागले, तेव्हा कित्येक पालकांनी एकच प्रश्न विचारला : नळाला पाणी आहे काय? हा प्रश्न भित्र्याचा नव्हता. कायद्यातला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या मार्चमध्ये, म्हणजे ह्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच महिन्यात, मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर भाषण केले. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, असे त्यांनी सभागृहास दाखवून दिले होते. मुलाचे नाव शाळेत असणे आणि मुलाला वाचता येणे ह्यांतील अंतर त्यांनी तेव्हाच मोजले होते. आपण आज तेच अंतर पुन्हा मोजीत आहो. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी तिसरीतील मुले देशात २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. त्याच काळात सरकारी शाळांतील नावे वाढली. नावे वाढली आणि वाचणारे घटले.

गडबच्या सभेत हे बोलून झाल्यावर मागे बसलेल्या एका बापाने विचारले, “वकीलसाहेब, ते सगळं ठीक. पण पुन्हा अशी साथ आली नि पुन्हा कागद आला, तर सही करायची का नाही?”

मी म्हणालो, दादा, पाठवावे की नाही हे त्या दिवसाचा रोग पाहून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहून तुम्हीच ठरवा. त्यात वकिलाचे काम नाही. पण कागद आला म्हणजे एकट्याने सही करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. हे २१ व्या कलमात आहे. आपल्यापैकी किती जणांना आपल्या शाळेतील त्या सभासदांची नावे सांगता येतील? सभेत दोघांना आली. त्यांना सभा बोलवावयास लावा, गुरुजींना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तेथे बसवा, आणि जे विचारावयाचे ते सर्वांदेखत विचारा. सभेचे इतिवृत्त लिहून घ्या. पाणी नसेल, छप्पर गळत असेल तर ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे.

आणि सही करावयाची ठरली, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहा, किंवा लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या : ‘मी माझ्या मुलास शाळेत पाठवीत आहे. शाळेत पाणी, स्वच्छता व मोकळी हवा ठेवण्याचे शासनाचे कर्तव्य ह्या सहीने कमी होत नाही.’

त्या बापाने खिसे चाचपले, पेन मिळेना, तेव्हा शेजारच्या मुलीने आपल्या वहीचे पान फाडून ते उतरून घेतले. ‘कर्तव्य’ लिहिताना ती थांबली. मी सांगितले, तिने लिहिले. त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तीवर शाळेची तारखेसह पोच घ्या, असे सांगून मी बसलो, आणि सभा पुन्हा पाण्याच्या टाकीकडे वळली.